बारकीचा आवाज

४ फेब्रुवारी

बारके,

तुझी चिठ्ठी मिळाली. सात वर्षांनंतर पाच शब्द: ‘मूळ आवाजाचा ट्रॅक कुठे आहे?’ वर ताई नाही, खाली सही नाही. लाँड्रीवाल्याला निरोप ठेवतानासुद्धा माणूस याहून जास्त लिहितो.

तुझी लेक दारात उभी होती आणि मी तिला विचारलं, कुठल्या कुरिअरकडून आलात? हसू नकोस. बारा वर्षांची असताना पाहिलं होतं तिला, आता एकोणीस वर्षांची घोडी झाली आहे. उंची तुझ्या नवऱ्यावर गेली आहे, पण उभं राहायची तऱ्हा तुझी. एक पाय मागे, केव्हाही पळायच्या तयारीत. ‘मावशी, मी आहे,’ म्हणाली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी चहा केला. मग कप हातात धरून सगळं सांगितलं. गळ्यातली गाठ, तीन डॉक्टर, शेवटी ऑपरेशन. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागलं. नोव्हेंबरात. म्हणजे नोव्हेंबरपासून तू बोलत नाहीस, आणि या शहरातल्या प्रत्येक मेकअप रूममध्ये ते माहीत असणार, आणि सख्ख्या बहिणीला फेब्रुवारीत कळतंय. मला राग आला. मग वाटलं, रागावू तरी कुठल्या तोंडाने? बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. तुझ्या लेकीला वाटलं, मी कप विसळतेय.

तिने दुसरी गोष्टही सांगितली. तिच्या फिल्म क्लबात तुझा तो दाढीवाल्याचा सिनेमा दाखवणार आहेत, बारा एप्रिलला. दाढीवाला जाऊन दोन वर्षं झाली आणि आता सगळ्यांना तो थोर दिग्दर्शक वाटू लागला आहे. जिवंत असताना कुणी त्याला साधी खुर्ची देत नव्हतं. क्लबवाले म्हणतात, शूटिंगच्या वेळी रेकॉर्ड झालेला तुझा स्वतःचा आवाज मिळाला, तर तो लावून सिनेमा दाखवू. नाही मिळाला तर आहे तसा, म्हणजे माझ्या आवाजात.

मी म्हटलं, ‘अगं, आईचा आवाज तुझ्या मोबाइलमध्ये नाही का?’

तर म्हणाली, ‘आहे ना. दूध उतू जाईल, दार लावून घे, पोहोचलीस की फोन कर. ती घरातली आई आहे. मला काम करणारी आई ऐकायची आहे. एकोणीस सिनेमे आहेत मावशी, आणि एकोणीसच्या एकोणीस सिनेमांत तिच्या तोंडी तू आहेस.’

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: मला माहीत नाही. त्या वेळी स्टुडिओवाले एकच डिस्क पुसून पुसून पाच पाच वेळा वापरायचे, त्यामुळे आशा फार धरू नकोस. पण शोधते. लेकीलाही सांगितलं आहे, आपण दोघी मिळून शोधू.

ताई


१३ फेब्रुवारी

बारके,

स्टुडिओत जाऊन आलो. आता तिथे बायकांचे व्यायामाचे वर्ग चालतात. भिंतीवरचे आवाज शोषून घेणारे गादीचे चौकोन तसेच आहेत, फक्त त्यांवर गुलाबी रंग मारला आहे. तेवीस बायका उड्या मारत होत्या आणि बाहेर चकार आवाज येत नव्हता. मालकीण म्हणाली, जागा घेतली तेव्हा एक मोडकी खुर्ची आणि उंदीर, एवढंच होतं. तुझ्या लेकीने तरी माळ्यावर चढून पाहिलं. खाली आली तेव्हा केसांत जळमटं होती आणि चेहऱ्यावर हसू. तिला वाटतं, एक जागा कमी झाली म्हणजे आपण ट्रॅकच्या जवळ आलो.

येताना बसमध्ये तिने मला तुझी वही दाखवली, तू तिच्याशी लिहून बोलतेस ती. मुद्दाम नाही दाखवली. पान उलटताना दिसलं. ‘ताईने माझा आवाज घेतला.’ हे तू पोरीला शिकवतेस?

घेतला नाही, दिला. विसरलीस का? त्या पहिल्या स्क्रीन टेस्टला तुझ्यासोबत मी आले होते, तुझी पर्स सांभाळायला. तू काम केलंस ते सुंदर केलंस आणि तोंड उघडलंस तेव्हा सगळा फ्लोर हसला. ‘चेहरा सायीसारखा आणि आवाज ट्रक ड्रायव्हरचा,’ असं तो दिग्दर्शक म्हणाला, तुझ्यादेखत. तू एकोणीस वर्षांची होतीस. बाकावर बसून मी तेच संवाद पुटपुटत होते, ते त्याने ऐकलं आणि मला माइकसमोर उभं केलं. ‘चेहरा हिचा, आवाज हिचा. झालं काम.’ त्या दिवशी मी नसते तर तुला कुणी दारातसुद्धा उभं केलं नसतं. आणि तू नसतीस तर मला कुणी विचारलं नसतं, हेही खरं. मला एकदाच कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं, तेव्हा लाइटवाला म्हणाला होता, ‘बाई, जरा बाजूला व्हा, हिरॉईनला येऊ द्या.’

अठरा सिनेमे आपलं बरं चाललं. तुझे ओठ मी आरशात बघितल्यासारखे ओळखायची. तू श्वास कुठे घेणार, कुठे अडखळणार, सगळं. नाटकवाले तुझ्या मागे लागायचे, तू कधी गेली नाहीस. पडदा उघडून तू पहिलं वाक्य बोललीस की लोकांनी विचारलं असतं, हा आवाज कुणाचा? टायटलमध्ये माझं नाव नाही आणि रंगमंचावर तू नाहीस, अशी आपली फिट्टंफाट होती.

मग दाढीवाला आला. त्यालाच तुझा आवाज हवा होता. ‘तिकीट खिडकीवर वीस वर्षं बसलेल्या बाईचा आवाज असाच असतो,’ म्हणाला. चार महिने तू त्याच्याबरोबर काम केलंस आणि मला एक फोन केला नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, ‘ताई, या खेपेला तुझी गरज नाही.’ किती गोड बोलली होतीस ते आठवतं का?

पुढचं तुला माहीत आहे. निर्माता घाबरला. या आवाजाने सिनेमा पडेल म्हणाला, आणि तू बाहेरगावी असताना मला बोलावलं. मी तीन दिवसांत तो डब केला. पहिल्या खेळाला तू चौथ्या रांगेत बसली होतीस. पडद्यावर तू तोंड उघडलंस आणि माझा आवाज आला. तू उठून गेलीस ते मी मागून पाहिलं. ते माझं चुकलं. तुला आधी सांगायला हवं होतं. हे सात वर्षांत मी कधी म्हटलं नाही, आता म्हणते. एवढंच चुकलं.

ताई


२६ फेब्रुवारी

बारके,

काकांकडे गेलो होतो. तेच ते, आपले रेकॉर्डिस्ट. आता दोन्ही कानांना यंत्रं आहेत आणि सूनबाई त्यांच्याशी ओरडून बोलते. ज्या माणसाला शेजारच्या खोलीत कुणी पेन खाली ठेवलं तरी ऐकू जायचं, त्यांना मी चार वेळा माझं नाव सांगितलं. पाचव्या वेळी ओळखलं आणि हात धरून बसले.

तुझ्या लेकीने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, ‘काका, त्या सिनेमाचा मूळ ट्रॅक आठवतो?’

काका म्हणाले, ‘आठवतो म्हणजे? तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही.’

पोरगी एकदम पुढे सरकली. ‘मग त्याचं काय झालं?’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ‘मावशीला विचार,’ म्हणाले. ‘तिसऱ्या दिवशी मावशी होती तिथे.’

म्हातारपण, दुसरं काय. तारखा, माणसं, सगळ्याची खिचडी झाली आहे डोक्यात. मी विषय बदलला. त्यांना विचारलं, डोळ्याचं ऑपरेशन झालं का? म्हणाले, ‘झालं. दिसतं मला.’ निघताना त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. थकले असतील.

तू पाठवलेली दुसरी चिठ्ठी वाचली. ‘डब करताना माझा आवाज तुझ्या कानात वाजत होता. कसा होता?’

बरा होता. खरं सांगू, आमचं लक्ष आवाजाकडे नसतंच गं. हेडफोनमध्ये मूळ वाक्य वाजतं, समोर पडद्यावर तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहतो, आणि आम्ही ओठ बघत असतो. वाक्य कुठे सुरू होतं, कुठे संपतं, तेवढंच ऐकायचं. कसं म्हटलंय ते कोण ऐकतं?

पण तू स्वतः कधीच ऐकलं नाहीस हे मला माहीत नव्हतं. लेकीने सांगितलं. दाढीवाल्याने म्हणे एकदाही ऐकू दिलं नाही, ऐकलंस की सुधारायला जाशील म्हणाला. शहाणा होता मेला. म्हणजे तुझ्याजवळ त्याची काही खूणच नाही, नुसती आठवण.

सध्या मी एका कार्टूनमधली खार आहे. रोज सकाळी दहा ते एक चिरकत असते. तुला ऐकून हसू येईल. गळ्यात नळी असताना हसता येतं का? पोरीला विचारायचं धाडस झालं नाही.

ताई


११ मार्च

बारके,

आज दाढीवाल्याच्या बायकोकडे. ही शेवटची जागा होती. चौथा मजला, लिफ्ट बंद, माझे गुडघे म्हणजे दाराच्या बिजागऱ्या झाल्या आहेत. तिने पलंगाखालून एक ट्रंक ओढली. त्यात त्याच्या एकोणतीस डिस्का, प्रत्येकीवर त्याच्या हातची चिठ्ठी. एकीवर लिहिलं होतं: ‘तिकीटवाली, मूळ आवाज’.

तुझ्या लेकीने ती दोन्ही हातांनी उचलली. तिथेच कॉम्प्युटरला लावली. रिकामी. त्याची बायको म्हणाली, ‘त्याने चिठ्ठी आधीच लिहून ठेवली होती. कॉपी आणायला गेला तेव्हा स्टुडिओवाल्यांनी सांगितलं, आता काही शिल्लक नाही. परत आला आणि दोन दिवस जेवला नाही. मग पुढे निर्मात्याविरुद्ध कोर्टात जायचं बोलणंही सोडलं. पुरावाच राहिला नाही म्हणाला.’

पोरगी जिन्यात बसली आणि रडायला लागली. मोठ्याने, बारक्या पोरीसारखी. खालच्या मजल्यावरच्या लोकांनी दार उघडून पाहिलं. मला म्हणाली, ‘आई रोज विचारते. मी घरी गेले की आधी वही पुढे करते. मी आता काय सांगू?’

मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, ‘मिळेल.’ का म्हटलं ते मला माहीत नाही. तुला सांगते, तोंडातून निघून गेलं. आणि एकदा निघालं ते निघालं.

आता लेकीला पंधरा दिवस माझ्याकडे पाठवू नकोस. मला जरा काम आहे.

ताई


२४ मार्च

बारके,

मिळाला!

पूर्ण नाही. शेवटची तेरा मिनिटं फक्त. काकांच्या एका जुन्या मदतनिसाकडे होती, तो आता दुसऱ्या शहरात असतो, त्याने त्या वेळी सराव म्हणून एक तुकडा स्वतःजवळ ठेवला होता. त्याचं नाव कुणाला सांगणार नाही असं मी त्याला वचन दिलं आहे, तेव्हा क्लबवाल्यांनी विचारलं तरी मी सांगणार नाही. आवाज जरा खरखरतो, मागे पंख्याची घरघर आहे, मधे एक खुर्ची सरकते. जुनं रेकॉर्डिंग म्हटलं की हे आलंच.

आणि नेमका शेवटचा प्रसंग आहे, हे आपलं नशीब. थिएटर कायमचं बंद होणार आहे, नटमंडळी आलीच नाहीत, आणि तिकीटवाली माइक हातात घेऊन रिकाम्या खुर्च्यांना तीनदा सांगते, ‘आजचा प्रयोग रद्द झाला आहे’, तो.

पोरीच्या हाती पेनड्राइव्ह देते आहे. तिने माझ्याकडेच बसून ऐकला. ऐकता ऐकता तोंडावर हात घेतला. ‘आई आहे,’ म्हणाली. ‘मावशी, ही माझी आई आहे.’ तीनदा ऐकला तिने. मग माझ्या गळ्यात पडली. इतकी वर्षं कुणी असं गळ्यात पडलं नव्हतं माझ्या.

तू सावकाश ऐक. दुपारच्या वेळी, जेवण झाल्यावर. फार चिकित्सा करू नकोस.

ताई


३ एप्रिल

बारके,

तुझं पत्र आलं. चिठ्ठी नव्हे, पत्र, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. वर ‘ताई’ आहे. मी ते ‘ताई’ आधी कितीतरी वेळ नुसतं पाहत बसले आणि मग पुढचं वाचलं. वाचायला नको होतं.

तू लिहितेस: ‘ऐकलं. आधी मला तो माझा आवाजच वाटेना, पण तू लहानपणी म्हणायचीस ना, आपला आवाज आपल्याला बाहेरून परकाच वाटतो. लेक म्हणते हीच तू. म्हणजे मीच. ताई, मला वाटायचं मी त्या दिवशी काहीतरी मोठं केलं होतं. सात वर्षं मी तेवढ्यावर जगले. मला पक्कं आठवत होतं की तिसऱ्या वेळी मी रडले नव्हते. ऐकलं तर रडलेच आहे, आणि ते रडणंही बेताचंच. माणूस स्वतःबद्दल काय काय लक्षात ठेवतो. निर्मात्याचं चुकलं नव्हतं आणि तुझंही नव्हतं. तू केलंस ते याहून बरं होतं. मी उगाच तुझ्यावर सात वर्षं दात धरला. गुरुवारी घरी ये. मला बोलता येणार नाही, पण तू बोल, मला तुझी बडबड ऐकायची आहे.’

तू मला माफ केलंस. हे वाचून मला इतका आनंद झाला की मी कपाट उघडून गुरुवारी नेसायची साडी बाहेर काढून ठेवली. ती अजून खुर्चीवर आहे. दोन दिवस मी तिच्याकडे बघत होते आणि स्वतःला सांगत होते, गप्प बस, तोंड शिवून घे, नशिबाने मिळालंय ते घे. तीसेक वर्षं दुसऱ्यांची वाक्यं म्हटली, आणखी एक म्हणायला काय हरकत आहे? पण तुझ्या पत्रातलं ते एक वाक्य मला झोपू देत नाही. ‘माणूस स्वतःबद्दल काय काय लक्षात ठेवतो.’ तेवढं लिहिलं नसतंस तर मी गुरुवारी आले असते, बारके. खरंच आले असते. इतकी मी वाईट आहे.

पेनड्राइव्हमधला आवाज माझा आहे.

दुसऱ्या शहरातला मदतनीस वगैरे कुणी नाही. जिथे मी खारीचा आवाज काढते, तिथली साउंडची मुलगी चांगली आहे, तिला सांगितलं की एक जुनं काम पुन्हा करून बघायचं आहे. अकरा दिवस रोज सकाळी दहाच्या आधी मी तिथे गेले. तुझा घोगरा आवाज काढायला मला कष्ट नाहीत. लहानपणी तुझ्या आवाजात हाका मारून मी बाबांना शंभरदा फसवलं आहे. पंखा मी लावायला सांगितला. खुर्ची मीच सरकवली. सगळं जमलं, फक्त तिसरी घोषणा जमली नाही. रडायचं नाही हे मला माहीत होतं. दरवेळी ठरवून उभी राहायची आणि दरवेळी गळा भरून यायचा. एकदा कोरडं म्हटलं, तर ते नुसतं कोरडंच झालं, बातम्या वाचल्यासारखं. शेवटी त्यातल्या त्यात कमी रडलेलं ठेवलं. तुझी लेक जे ऐकून माझ्या गळ्यात पडली ते माझं एकोणचाळिसावं रेकॉर्डिंग होतं.

आता मूळ ट्रॅकचं. तो कुठे आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो कुठेच नाही. मी पुसायला लावला.

डबिंगचा तिसरा दिवस होता. शेवटचा प्रसंग उरला होता. काका काचेपलीकडे होते, मी आत. हेडफोनमध्ये तू. मी तुला लिहिलं की आम्ही नुसते ओठ बघतो. खोटं. तीन दिवस मी फक्त तुला ऐकत होते. अठरा सिनेमांत मी तुझ्याकडून कधी काही ऐकलं नव्हतं, कारण शूटिंगला तू नुसते ओठ हलवायचीस, ताई सांभाळून घेईल म्हणून. या सिनेमात तू बोलत होतीस. पहिली घोषणा तू कामाची केलीस, रोजची असते तशी. दुसरी केलीस तेव्हा मधेच थांबलीस, कुणी आलं का बघितलंस. आणि तिसरी तू अशी म्हणालीस, जशी घरातली बाई सगळे जेवून उठल्यावर दिवा मालवताना कुणाला तरी सांगते, चला, झोपा आता. रडणं नाही, कंप नाही, काही नाही. मला माइकसमोर उभं राहवेना. मी आतून पाहिलं तर काका चष्मा पुसत होते.

मग मी ते डब केलं. रडत. मला दुसरं काही येत नव्हतं. निर्माता खूश झाला. त्याने टायटलमध्ये माझं नाव देतो म्हणून कबूल केलं होतं, वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि दिलंही. त्या वर्षीचं आवाजाचं पारितोषिकही मला मिळालं. ते तुला माहीत आहे. ते मी कशावर घेतलं, हे तुला आज कळतं आहे.

संध्याकाळी काकांनी विचारलं, ‘मूळ ट्रॅक ठेवू ना? दिग्दर्शक शनिवारी कॉपी न्यायला येणार आहे.’ मी म्हटलं, ‘पुसा.’ त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. मी म्हटलं, ‘निर्मात्यांनी सांगितलंय.’ निर्मात्याने असं काही सांगितलं नव्हतं. त्याला तर पुसायचं सुचलंही नसतं. काकांचा माझ्यावर विश्वास होता, मी तुझी बहीण. बहिणीपेक्षा जास्त काळजी तुझ्या आवाजाची कुणाला असणार? त्यांनी पुसला. मी तिथे उभी राहून बघितलं, पुरता पुसेपर्यंत.

तू खराब काम केलं असतंस तर मी तो ट्रॅक जपून ठेवला असता. घरी आणला असता. पाहुण्यांना ऐकवला असता. तो चांगला होता म्हणून पुसला. दाढीवाल्याने तो परत बसवला असता, लोकांनी ऐकला असता, आणि मग त्यांनी मागचे अठरा सिनेमे आठवून विचारलं असतं, हिला दुसऱ्या आवाजाची गरजच काय होती? मला स्वतःलाच ते तीन दिवस तसं वाटत होतं. ‘या खेपेला तुझी गरज नाही’ असं तू म्हणालीस तेव्हा मला राग आला होता. हेडफोन लावल्यावर ते पटलं. राग परवडला असता.

ज्यांनी तो आवाज कान देऊन ऐकला होता त्यांतला दाढीवाला गेला. काकांना आता ऐकू येत नाही. उरले मी. माझ्या कानात तो आहे, जसाच्या तसा, अगदी दुसऱ्या घोषणेतल्या थांबण्यासकट. आणि मला तो काढता येत नाही. एकोणचाळीस वेळा करून पाहिलं.

मी गुरुवारी येत नाही. हे वाचल्यावर तूही बोलावणार नाहीस, मला कळतं. हे पत्र पोरीच्या हाती न देता टपालाने पाठवते आहे, म्हणजे तिला सांगायचं की नाही ते तुला ठरवता येईल. मला ते ठरवता येत नाही. तिला खरं सांगितलं तर तिची आई तिच्याकडून दुसऱ्यांदा जाईल, आणि नाही सांगितलं तर बारा तारखेला भरलेल्या हॉलमध्ये ती माझ्या आवाजाकडे बोट दाखवून मैत्रिणींना सांगेल, ही माझी आई. क्लबला मी अजून काही कळवलेलं नाही. तू सांगशील तसं करीन. तो आवाज लावायला नको म्हणालीस तर जाऊन सगळ्यांसमोर कबूल करीन.

माफी मागत नाही. तू ती एकदा देऊन बसलीस, ती मी परत करते आहे. मला तुला एवढंच सांगायचं आहे आणि तेवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं, कारण हे सांगू शकेल असं माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही.

तुला बरोबर आठवतं, बारके. तिसऱ्या वेळी तू रडली नव्हतीस.